कोकण किनाऱ्यावर शिकारी पक्षी कसे मोजावेत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्याने पक्षी पाहायला लागलेली मंडळी कोकणात आली की चालत सुटतात. पुळणीवरून, माडांच्या वाडीतून, खाडीच्या कडेकडेने तीन-चार तास पायपीट होते. वहीत चाळीसेक पक्ष्यांची नावं येतात आणि त्यात शिकारी पक्षी म्हणाल तर दोन घारी आणि एक शिक्रा. बुलबुल, सातभाई, सुभग शोधायला ही रीत अगदी बरोबर आहे. शिकारी पक्ष्यांसाठी ती उपयोगाची नाही. एकेका जोडीचा मुलूख कित्येक किलोमीटरचा असतो, पक्षी विरळ असतात, दिवसातला बराच वेळ झाडाच्या शेंड्यावर निवांत बसून काढतात, आणि आपण माडांच्या छपराखालून चालत असताना डोक्यावरून समुद्र गरुड निघून गेला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. त्यांना शोधायचं तर एका जागी बसावं लागतं. किती वेळ बसलो आणि त्यात काय दिसलं नाही, हेही लिहावं लागतं. या दोन सवयी लागल्या की पुढचं सगळं शिकता येतं.

आधी प्रश्न ठरवा

"शिकारी पक्ष्यांचं सर्वेक्षण करायचंय" एवढ्याने काम सुरू होत नाही. आपल्या तालुक्यात समुद्र गरुडाच्या किती जोड्या आहेत? हिवाळ्यात सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) भोवत्ये, म्हणजे गवतावरून खालून उडणारे शिकारी पक्षी, येतात का आणि कधीपर्यंत राहतात? बंदरावर घारी किती? तीन प्रश्नांच्या तीन पद्धती आहेत. पहिल्यासाठी घरटी शोधायची, दुसऱ्यासाठी ठरलेल्या जागांवर बसायचं, तिसऱ्यासाठी बंदरावर उभं राहून मोजायचं. पहिल्या वर्षी एकच प्रश्न घ्या आणि मुलूखही लहान घ्या. दाभोळची खाडी ते जयगडची खाडी एवढा पट्टासुद्धा दोघांना एका हंगामात पुरून उरतो.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. भातकापणी सुरू होते त्याच सुमारास समुद्र गरुड घरट्याची डागडुजी करायला लागतो. कैकर, दलदली भोवत्या, खरूची असे पाहुणे तोवर येऊन पोचलेले असतात. नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे थवेही या भागावरून जाताना दिसू शकतात. ते आफ्रिकेला जायच्या वाटेवर असतात आणि पुढे अख्खा अरबी समुद्र ओलांडतात. दिवस मोजकेच असतात, म्हणून त्या महिन्यात आभाळाकडे जास्त लक्ष ठेवा.

जागा घरी बसून निवडा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण जिथे पक्षी दिसतात तिथेच जाऊन बसतो. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना गेलात तर आभाळ घारींनी भरलेलं दिसेल. त्या एका आकड्यावरून किनाऱ्याचा हिशेब मांडला तर कोकणात घारींशिवाय काही नाही असं वाटेल. बंदराची नोंद करायचीच, पण वेगळ्या पानावर.

नकाशा घ्या, आपल्या पट्ट्यावर पाच-पाच किलोमीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात बसायची एक जागा ठरवा. जागा अशी हवी की निदान तीन बाजूंनी दूरवर दिसेल: सड्याची कड, किल्ल्याचा बुरूज, खाडीचा बांध, जेटीचं टोक. एखाद्या चौकोनात नुसती कलमांची बाग आणि घरंच असतील, तरी तिथेही बसायचं. रिकामा चौकोन ही माहिती आहे. ती नसेल तर भरलेल्या चौकोनाला अर्थ राहत नाही.

जायच्या आधी गावात सांगा. किनाऱ्यावर सुरक्षेचा प्रश्न असतो. दुर्बीण घेऊन तासन्‌तास समुद्राकडे बघत बसलेला अनोळखी माणूस कोणालाही खटकणारच. पोलीस पाटलांना भेटा, ओळखपत्र खिशात ठेवा. सडा आणि बागा खासगी मालकीच्या असतात, तेव्हा मालकाला विचारा. कांदळवनात किंवा वनखात्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर त्यांची परवानगी घ्या. या भेटींत जो वेळ जातो तो वाया जात नाही. घरट्यांची बातमी पुढे याच माणसांकडून मिळते.

दोन तास, एका जागी

सामान थोडंच लागतं. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) दुर्बीण, वही, पेन्सिल (शाई दमट हवेत फुटते), टोपी, पाणी, बसायला काहीतरी. जास्त मोठी करणारी दुर्बीण हातात हलते आणि तिच्यातून आभाळाचा तुकडा लहान दिसतो, म्हणून सुरुवातीला नको. शक्यतो दोघं जा. एकाने बघायचं, एकाने लिहायचं, अर्ध्या तासाने अदलाबदल.

वेळेचं गणित वाऱ्यावर आणि उन्हावर आहे. सकाळी लवकर हवा थंड असते, मोठे पक्षी बसून असतात. त्या वेळी झाडांचे शेंडे, वठलेल्या फांद्या, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे तपासा. नऊ-साडेनऊला कातळ तापायला लागतो, गरम हवा वर चढते आणि तिच्यावर पक्षी घिरट्या घेत उचलले जातात. उघडा सडा झाडीपेक्षा आधी तापतो, म्हणून पहिली घिरटी बहुतेक सड्यावरच दिसते. साडेनऊ ते साडेअकरा हा सोन्यासारखा वेळ. भर दुपारी पक्षी इतके उंच जातात की ठिपकाही दिसत नाही. मग दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, किनाऱ्याच्या कड्यावर आपटून वर उठतो, आणि ब्राह्मणी घार व समुद्र गरुड पंख न हलवता त्या वाऱ्यावर कड्याला धरून सरकत जातात. कडा असेल तर तीन ते पाच जरूर बसा.

बघायचीही एक रीत आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पूर्ण आभाळ. मग दुर्बीण डोळ्याला लावून क्षितिजाची रेघ डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. प्रत्येक वेळी आधीच्या दृश्याचा थोडा भाग पुढच्यात आला पाहिजे. मग एक बोटभर वर जाऊन उजवीकडून डावीकडे. असा फेरा दर दहा मिनिटांनी. निळ्या कोऱ्या आभाळात नजर कुठे ठरत नाही आणि पक्षी असूनही दिसत नाही. ढगाची पांढरी पाठ मिळाली तर तिच्यावर आधी शोधा.

कान उघडे ठेवा. कावळे एकदम ओरडत एका दिशेने निघाले की त्या दिशेला बघायचं. कोतवाल कुणाच्या तरी पाठीवर झेपावत असतो. खाडीच्या चिखलावरचे सगळे तुतारी आणि चिखले (चिखलात चरणारे छोटे पक्षी) एकाच क्षणी उठले तर दलदली भोवत्या किंवा बहिरी ससाणा आलेला असतो, निदान तशी शंका घ्यावी. फसवणारेही आहेत. भृंगराज शिक्र्याची आणि सर्पगरुडाची हुबेहूब नक्कल करतो. पक्षी न दिसता फक्त आवाज आला तर "आवाज" असंच लिहा, दिसल्याचं लिहू नका.

माझ्या वहीतलं एका सड्यावरचं डिसेंबरमधलं एक पान जसंच्या तसं देतो (त्यात काकण म्हणजे समुद्र गरुड, पऱ्ह्या म्हणजे ओढा), म्हणजे दोन तास कसे जातात ते कळेल.

"८.४०, सुरुवात. आभाळ कोरं, वारा नाही, ओहोटी. ९.१०पर्यंत काही नाही. ९.१२, खरूची मादी, तारेवर. ९.२६, घार १, सड्यावर पहिली घिरटी. ९.४०, घारी ३, त्याच जागी, एकदम दिसल्या. ९.५२, सर्पगरुड, आवाज फक्त, पूर्वेच्या पऱ्ह्यातून, दोनदा. १०.१५, काही नाही. १०.२१, कावळे उठले. काकण २, दोन्ही मोठी, दक्षिणेकडून उत्तरेकडे, एकाच्या पायात लांब काहीतरी लोंबतंय, बहुतेक समुद्रसाप. १०.२४ला सुरूच्या बनामागे उतरली, पुन्हा दिसली नाहीत. १०.४०, शेवट."

दोन तासांत ओळी एवढ्याच. पण "सुरूच्या बनामागे उतरली" या तीन शब्दांवरून पुढे घरट्याचा माग लागला.

ओळख: आधी आकार, मग रंग

उन्हाकडे तोंड असलं की रंग फसवतो. त्यामुळे पंख कसे धरलेत आणि शेपटीचा आकार कसा, हे आधी बघा.

समुद्र गरुडाला रत्नागिरी-सिंधुदुर्गात काकण म्हणतात. पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी, आणि तरंगताना दोन्ही पंख वर उचललेले. इंग्रजी व्ही अक्षर उघडून ठेवावं तसे. एकदा ती ठेवण डोळ्यात बसली की दोन किलोमीटरवरूनही चुकत नाही. डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पंखांची मागची पिसं काळी. पिल्लं मात्र तपकिरी असतात आणि मोठ्यांचा रंग यायला त्यांना काही वर्षं लागतात.

ब्राह्मणी घारीचं डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग वीटकरी. मोठा पक्षी कुणीही ओळखेल. घोटाळा होतो तो तिच्या तपकिरी पिल्लात आणि साध्या घारीत. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल. शेपटी पूर्ण पसरलेली असेल तर साध्या घारीचीही खाच मिटते, तेव्हा शेपटी मिटेपर्यंत वाट बघा.

कैकर पाण्यावरच सापडतो. पंख मनगटाशी वाकवलेले, तिथे खालून गडद डाग, डोळ्यावरून काळी पट्टी. पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि पाय पुढे करून पाण्यात शिरतो. खाडीत जाळ्यांसाठी रोवलेले खांब त्याच्या आवडीचे. सड्यावर एका जागी फडफडणारे दोघं: तपकिरी-तांबूस, लांब शेपटीची खरूची आणि पांढरी-राखाडी, काळ्या खांद्यांची, लाल डोळ्यांची कापशी. सड्याच्या गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून डुलत जाणारा तो भोवत्या. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं वेगळी करणं जाणत्यांनाही जड जातं. पहिल्या वर्षी "भोवत्या, जात नक्की नाही" असं लिहिणं हीच खरी नोंद.

आणि पावशा! हा कोकिळेच्या कुळातला, पण शिक्र्याचं रूप, शिक्र्याचं उडणं, बसतानाची शेपटीची हालचालसुद्धा तीच. छोटे पक्षीही त्याला बघून घाबरतात. चोचीकडे बघा: शिक्र्याची वाकडी, पावशाची सरळसोट.

एकच पक्षी दोनदा

सुरुवातीच्या एका हंगामात मी एकाच खाडीत समुद्र गरुडाच्या तीन जोड्या नोंदवल्या होत्या. उत्तरेच्या टोकाला एक, जेटीपाशी एक, आतल्या कांदळवनात एक. पुढच्या वर्षी एका मैत्रिणीला जेटीवर बसवलं, मी टोकावर बसलो, दोघांनी घड्याळं जुळवली आणि फोनवर बोलत राहिलो. माझ्याकडून निघालेली जोडी सहा मिनिटांनी तिच्यापाशी पोचली. जोडी एकच होती. आदल्या वर्षीचा आकडा मी तेव्हा दोन ठिकाणी सांगूनही बसलो होतो, तो दोन्हीकडे पुन्हा जाऊन दुरुस्त करावा लागला.

तेव्हापासून नियम असा: एका बैठकीत एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी हाच आकडा. सकाळभरात दहा वेळा घार दिसली, पण एका नजरेत कधी तीनपेक्षा जास्त नव्हत्या, तर आकडा तीन. त्याशिवाय दिशा, वय आणि पंखातलं गळलेलं पीस टिपून ठेवा. डाव्या पंखात मध्येच फट असलेला गरुड त्या हंगामापुरता नावाने ओळखता येतो.

रस्ता आणि होडी

सड्यावरच्या रस्त्यांना दुचाकी चांगली. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जायचं, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, मागच्याने तारा आणि खांब. पक्षी दिसला की गाडी बाजूला घेऊन थांबवायची. किती किलोमीटर झाले ते लिहायचं आणि परतताना त्याच रस्त्यावर मोजायचं नाही. मुंबई-गोवा महामार्गावर हा उद्योग करू नका, जिवाशी खेळ होतो.

खाडीच्या आतल्या कांदळवनाकडे किनाऱ्यावरून नजर पोचत नाही, तिथे होडीच हवी. भरती चढत असताना आत जा आणि भरती पुरी व्हायला आली की परत फिरा, ओहोटीला होडी गाळात अडकते. वेळ होडीवाल्यालाच ठरवू द्या. होडीचा खर्च नको असेल तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या फेरीबोटी आहेतच. पाण्याच्या मधोमध दोन्ही किनारे एकदम दिसतात. एकाच वेळेच्या फेरीने महिन्यातून चारदा गेलात तर वर्षाअखेर चांगली तुलना हाती येते.

घरटं

इथे सगळ्यात जास्त जपायचं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

समुद्र गरुडाचं घरटं म्हणजे काटक्यांचा मोठा ढीग, उंच आंब्यावर, वडावर, सुरूवर, हल्ली मोबाइलच्या मनोऱ्यावरही. तेच घरटं दरवर्षी वाढवत वापरलं जातं, म्हणून गावातल्या माणसांना ते ठाऊक असतंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या किनाऱ्यावर समुद्र गरुडाच्या घरट्यांचं काम केलं आहे. अशा कामाचा निम्मा भाग दुर्बिणीने होतो आणि निम्मा गावकऱ्यांशी बोलून.

विचारताना पुस्तकी नाव घेऊ नका. वहीतल्या त्या सुरूच्या बनामागे मी दोन दिवस हिंडलो, झाड सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी एका खळ्यात भात वाळवणाऱ्या आजींना विचारलं, "आजी, इथे समुद्र गरुडाचं घरटं आहे का?" त्या म्हणाल्या, "न्हाय बाबा, असलं काय न्हाय." मग मी हात पसरून दाखवलं, पांढरं पोट सांगितलं, आवाज काढून दाखवला. आजी हसल्या. "काकणं होय! मग असं बोल की. ती काय आमच्याच आंब्यावर. लगीन होऊन आले तवापासनं बघत्येय." झाड त्यांच्या परड्यात होतं, मी दोनदा त्याच्या खालून गेलो होतो. बुंध्याशी पालापाचोळ्यात चुन्यासारखी पांढरी विष्ठा होती, शिंगाळ्याची एक कवटी होती आणि समुद्रसापाच्या पाठीच्या कण्याचा मणके ओवल्यासारखा वीतभर तुकडा.

झाड कळलं की त्याच्याखाली पुन्हा जायचं नाही. निदान दोनशे मीटरवरून, आडोशाला बसून बघा, अर्धा-पाऊण तास पुरे. ऐन उन्हात अजिबात नको. मादी अंड्यांवरून किंवा लहान पिल्लांवरून उठली तर ती उन्हात भाजतात आणि कावळे टपलेलेच असतात. पक्षी तुमच्याकडे बघून एकसारखा ओरडायला लागला तर तुम्ही फार जवळ आहात, तिथून निघा. झाडावर चढणं, ड्रोन उडवणं, आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, यातलं काहीही करू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंड्यांना आणि घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी हे करू नये असंच मी म्हटलं असतं.

हंगामात तीन फेऱ्या ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरटं वापरात आहे का ते कळतं: नव्या काटक्या, कडेला हिरवा पाला, जोडी जवळपास. डिसेंबर-जानेवारीत कुणी बसून आहे का. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरट्याच्या काठावर पंख झाडणारं पिल्लू दिसतं का. नुसतं घरटं दिसलं म्हणजे जोडी मोजायची नाही. रिकामी जुनी घरटीही वर्षानुवर्षं टिकतात.

झाडाच्या मालकाशी नातं जोडून ठेवा. जुने रायवळ आंबे लाकडासाठी विकले जातात आणि व्यापारी आला की चार दिवसांत झाड जातं. आधी बोलणं झालेलं असेल तर निदान पिल्लू उडेपर्यंत थांबा अशी विनंती करता येते. माझ्या माहितीत दोन झाडं अशी त्या हंगामापुरती थांबली, त्यातलं एक अजून उभं आहे.

वहीतून बाहेर

घरी आलात की त्याच संध्याकाळी नोंद पक्की करा. तारीख, जागा, सुरुवात-शेवट, माणसं किती, आभाळ, वारा, भरती-ओहोटी, मग पक्षी. काही दिसलं नसेल तर "शून्य" असं अक्षरी लिहा. कोरी जागा सोडली तर गेलोच नाही की दिसलं नाही, हे वर्षाने तुम्हालाच कळणार नाही. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) यादी टाकताना दिसलेल्या आणि आवाजावरून ओळखलेल्या सगळ्या जाती टाका, म्हणजे ती पूर्ण यादी धरली जाते. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका, गावाचं नावही नको. फोटोत घर किंवा देवळाचा कळस येत असेल तर तो फोटो गटांवर पाठवू नका. एका रविवारी वीस कॅमेरे झाडाखाली जमलेले मी पाहिले आहेत, आणि त्या वर्षी ते घरटं अर्ध्यावर सुटलं.

गिधाड दिसलं तर लगेच वनखात्याला कळवा. रायगडात म्हसळ्याकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधावर (ते दिलेल्या गुरांचं मढं खाल्लं की गिधाडं मरतात) २००६ला बंदी आली, तोवर देशभरात त्यांची संख्या कोसळली होती, म्हणून एकेका पक्ष्याची नोंद मोलाची आहे.

पाऊस सुरू झाला की बैठका बंद. पण मोठं वादळ होऊन गेलं तर रस्ते मोकळे होताच यादीतल्या झाडांवरून एक फेरी मारा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत जुनी झाडं आडवी झाली. त्यातल्या कोणत्या झाडावर घरटं होतं, हे ज्यांच्या वहीत आधी लिहिलेलं होतं त्यांनाच सांगता आलं. आजींचा आंबा उभा आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी पहिली फेरी तिथेच असते.